एकच बाप्तिस्मा म्हणतो, मग एका घरात तीन चर्च कशी?

अबोली
नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहू की नको करत होते, आज लिहितेच. आमचं घर ख्रिस्ती, पण रविवारी सकाळी आम्ही तिघं तीन दिशांना जातो. आई कॅथलिक. बाबा प्रोटेस्टंट होते, दोन वर्षांपूर्वी गेले. आम्हा भावंडांचा बाप्तिस्मा लहानपणी आईच्या चर्चमध्ये झाला पण वाढलो बाबांच्या चर्चमध्ये, मी अजून तिथेच आहे. धाकटा भाऊ चार वर्षं झाली पेंटेकोस्टल मंडळीत (तिथे बाप्तिस्मा मोठेपणी, स्वतः विश्वास ठेवल्यावर घेतात) जातो आणि तिथे तो खरंच बदललाय, आधी त्याला देवाधर्माचं काही नव्हतं, आता पहाटे उठून बायबल वाचतो, हे आधी सांगते कारण पुढचं वाचून कुणी त्याला नावं ठेवू नयेत.

गेल्या महिन्यात त्याने पुन्हा बाप्तिस्मा घेतला, पाण्यात पूर्ण बुडून. आई भांडली नाही. तिने कपाटातून त्याचा बाळपणीचा पांढरा बाप्तिस्म्याचा अंगरखा आणि ती मेणबत्ती काढली, टेबलावर ठेवली आणि एवढंच विचारलं, की मग त्या दिवशी मी तुला हातात घेऊन उभी होते ते काय होतं रे? त्याला उत्तर देता आलं नाही आणि मलाही नाही.

बाबा असताना रोज संध्याकाळी एकत्र प्रार्थना व्हायची. प्रभूची प्रार्थना म्हणताना आई 'वाइटापासून आम्हाला सोडव' इथे थांबायची आणि आम्ही पुढे 'कारण राज्य, सामर्थ्य व गौरव' म्हणायचो. त्या दहा सेकंदांत ती मान खाली घालून गप्प बसायची. लहानपणी मला वाटायचं आई दमली असेल. आता ती प्रार्थनाही बंद पडलीय.

प्रश्न दोन. हे सगळे पंथ कधी एक होणार आहेत का, की हे असंच चालायचं? आणि दुसरा, जो मला जास्त छळतो, चर्च मुळात आहे कशासाठी, जर ते आमच्या तिघांना एका टेबलावर बसवू शकत नसेल तर?

निळीशाई
ताई, वाचून वाईट वाटलं. मी ख्रिस्ती नाही त्यामुळे अज्ञान समजून घ्या, पण बाप्तिस्मा दोनदा घेतला तर नेमकं काय बिघडतं? जास्तीचा आशीर्वाद समजून सोडून देता येणार नाही का?

कंदील
निळीशाई, चांगला प्रश्न आहे, बाहेरच्या माणसाला तसंच वाटणार. बाप्तिस्मा हा आशीर्वाद घेण्याचा विधी असता तर शंभरदा घेतला तरी चाललं असतं, पण तो जन्मासारखा मानलाय. जन्म दोनदा होत नाही. म्हणून दुसऱ्यांदा घेतला की त्याचा अर्थ आपोआप 'पहिला खरा नव्हता' असा निघतो, आणि अबोलीताईंच्या आईला नेमकं तेच लागलंय. 325 मध्ये निकियाची धर्मसभा झाली, मग 381 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला विश्वासांगीकार, म्हणजे चर्चमध्ये सगळे मिळून म्हणतात ते विश्वासाचं निवेदन, पुरा झाला, त्यात 'पापक्षमेसाठी एकच बाप्तिस्मा' हे शब्द आहेत. ते आईच्या चर्चमध्येही म्हणतात, ताईंच्या चर्चमध्येही म्हणत असतील. पौलाने इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात एक प्रभू, एक विश्वास, एक बाप्तिस्मा हे एका दमात आलंय.

जिवंतपाणी
मी पेंटेकोस्टल मंडळीत आहे आणि माझाही बाप्तिस्मा मोठेपणी झाला, तेव्हा भावाची बाजू कुणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितोय. आम्ही 'पुन्हा' बाप्तिस्मा घेत नाही. आमच्या समजुतीने तो पहिलाच असतो. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक काढून बघा, आठव्या अध्यायात तो कूशी अधिकारी आधी ऐकतो, मग विश्वास ठेवतो, मग रथ थांबवून पाण्यात उतरतो. हा क्रम आम्ही गंमत म्हणून धरलेला नाही. 1525 मध्ये झुरिकमध्ये काही जणांनी मोठेपणी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे 1527 मध्ये त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला तिथल्याच नदीत बुडवून मारलं, आणि मारणारे कॅथलिक नव्हते, प्रोटेस्टंट नगर परिषद होती. ज्या पाण्यासाठी माणसं मेली ते आम्ही 'चालतंय की' म्हणून कसं सोडायचं? भाऊ आईला नाकारत नाहीये ताई, तो देवाला स्वतःच्या तोंडाने हो म्हणतोय.

अबोली
जिवंतपाणी दादा, थँक्यू. 'स्वतःच्या तोंडाने हो' हे मी आईला असंच सांगितलं तर तिला कळेल असं वाटतं. पण मग तिच्या प्रश्नाचं काय, त्या दिवशी ती उभी होती ते काय होतं?

जिवंतपाणी
मी माझ्या आईला म्हणालो होतो की तू मला देवाच्या हातात दिलंस, आणि मी आज आलो कारण तू दिलं होतंस. आमचे पाळक याला बाप्तिस्मा म्हणणार नाहीत, अर्पण म्हणतील. माझ्या आईला तेवढं पुरलं. तुमच्या आईला पुरेल का माहीत नाही, कारण तिच्यासाठी ते अर्पणापेक्षा मोठं आहे आणि ते मी मान्य करतो.

घंटानाद
कॅथलिक आहे. आधी एक गैरसमज दूर करतो, लोकांना वाटतं कॅथलिक चर्च बाकी कुणाचा बाप्तिस्मा मानत नाही. तसं नाही. पाणी आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा या नावाने झालेला बाप्तिस्मा, मग तो कुठल्याही पंथात असो, मानला जातो आणि तो पुन्हा दिला जात नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेत, 21 नोव्हेंबर 1964 ला एकतेवरचा जो आदेश मंजूर झाला त्यात इतर ख्रिस्ती लोकांना विभक्त बंधू म्हटलंय आणि फाटाफुटीला दोन्हीकडची माणसं जबाबदार होती हेही कबूल केलंय. माझ्या आजोबांच्या काळात दुसऱ्याच्या चर्चमध्ये पाय ठेवायचा म्हणजे पाप वाटायचं, म्हणजे एका पिढीत किती अंतर कापलंय बघा.

पण प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून चर्चमध्ये भाकर घेतात आणि आम्ही ज्याला पवित्र कम्युनियन म्हणतो त्याचं, अजून अडलेलंच आहे. मरणाच्या दारात किंवा तशाच गंभीर गरजेत आमचे धर्मगुरू काही अटींवर इतर ख्रिस्ती माणसाला देऊ शकतात, पण दर रविवारी नाही. माझी पत्नी प्रोटेस्टंट आहे. बारा वर्षं ती माझ्याशेजारी बसते, मी उठून पुढे जातो आणि ती बसून राहते. नियमामागचं कारण मला समजतं, म्हणजे एकाच भाकरीत भाग घेणं ही पूर्ण एकतेची खूण आहे आणि एकता झालेली नसताना खूण करायची तर ती खोटी ठरते. समजतं, पटतंही. तरी उठताना दर वेळी पाय जड होतात.

कंदील
घंटानाद, तुम्ही टेबलाचाच विषय काढलात म्हणून जरा लांबण लावतो, कारण माझ्या मते सगळी फूट शेवटी त्या टेबलापाशीच येऊन दिसते.

1529 मध्ये जर्मनीतल्या मारबुर्गच्या किल्ल्यात प्रोटेस्टंट सुधारणेचे दोन पुढारी, जर्मनीचा ल्यूथर आणि झुरिकचा झ्विंग्ली, समोरासमोर बसले. पंधरा मुद्दे होते, चौदांवर एकमत झालं. पंधराव्यात प्रभुभोजनाचा विषय, त्यातही बऱ्याच गोष्टी जुळल्या आणि फक्त एका प्रश्नावर अडलं, की भाकरीत ख्रिस्त शरीराने हजर असतो की नाही. ल्यूथरने 'हे माझं शरीर आहे' हे शब्द खडूने टेबलावर लिहून ठेवले होते आणि तो त्यावरून हलला नाही. झ्विंग्लीला भाऊ म्हणायलाही तो तयार झाला नाही. तेव्हा उठलेले ते लोक परत त्या टेबलाला कधी बसले माहितीये? 1973 मध्ये. लॉयेनबेर्ग इथे युरोपातल्या ल्यूथरन आणि रिफॉर्म्ड (झ्विंग्लीच्या बाजूच्या) चर्चेसनी करार केला आणि एकमेकांचं प्रभुभोजन खुलं केलं. 444 वर्षं. आणि करार करताना कुणी कुणाला हरवलं नाही, दोघांनी मिळून एवढंच लिहिलं की ख्रिस्त स्वतःला खरंच देतो, तो कसा देतो यावरून एकमेकांना शाप द्यायचं कारण उरलेलं नाही.

नीतिमान ठरण्याचं, म्हणजे देवापुढे निर्दोष ठरण्याचं, तसंच. माणूस कृपेने तरतो की कर्माने, सोळाव्या शतकात याच्यावर युरोप फाटलं. 31 ऑक्टोबर 1999 ला आउग्सबुर्गला कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन जागतिक महासंघ यांनी त्याच विषयावर संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. 2006 मध्ये मेथडिस्ट हा प्रोटेस्टंट पंथही त्यात आला, 2017 मध्ये रिफॉर्म्ड.

ताई तुम्ही विचारलंत कधी एक होणार का, तर माझं उत्तर हे की होतायत, फक्त वेग माणसाच्या आयुष्याला पुरत नाही. हे ऐकून तुम्हाला धीर येईल की राग येईल मला कळत नाही. मला दोन्ही येतं.

रिकामाबाक
राग. मला तरी रागच येतो. कंदील, तुमचं सगळं खरं असेल पण 444 वर्षं एका भाकरीवर भांडणाऱ्या लोकांना प्रेमाबद्दल बोलायचा काय हक्क? मी सहा वर्षांपूर्वी चर्च सोडलं. आमच्या मंडळीत मालमत्तेवरून दोन गट पडले, कोर्टात गेले, आणि एके रविवारी माझ्या शेजारच्या बाकावरच्या काकांनी माझ्या वडिलांच्या नमस्काराला उत्तर दिलं नाही कारण वडील दुसऱ्या गटात. वडील त्या धक्क्यातून सावरले नाहीत. येशूवर माझा विश्वास आहे, रोज प्रार्थना करतो, पण घरी. देवाला इमारत लागत नाही, समिती तर नाहीच नाही. ताईंचा दुसरा प्रश्न माझाही आहे, चर्च कशासाठी?

घंटानाद
रिकामाबाक, तुमच्या वडिलांबद्दल वाचून खूप वाईट वाटलं. त्यावर मी काही शहाणपणा सांगणार नाही.

जिवंतपाणी
भाऊ, मीही. पण घरच्या प्रार्थनेबद्दल एक विचारू का? आजारी पडलात तर तुमच्यासाठी कोण येतं प्रार्थनेला?

रिकामाबाक
कुणी नाही. म्हणजे गेल्या वर्षी ऑपरेशन झालं तेव्हा कुणाला सांगितलंच नाही. तुमचा मुद्दा कळला. तो बरोबर आहे हे मी मान्य करतो पण तेवढ्यासाठी परत जावं का, हे मला अजून पटत नाही.

सायली_के
मी इथे फक्त वाचते, पण या प्रश्नावर लिहावंसं वाटलं. मी आमच्या चर्चमध्ये रविवारच्या शाळेत शिकवते. आपल्या मराठीत याला मंडळी म्हणतात आणि मला तो शब्द फार आवडतो, कारण मूळ ग्रीक शब्द एक्लेसिया म्हणजे बोलावून जमवलेले लोक, सभा. इमारत नाही. पहिली दोनशे वर्षं तर बहुतेक सगळं लोकांच्या घरांतच चालायचं. प्रेषितांची कृत्ये दुसऱ्या अध्यायात ते लोक जमून काय करायचे ते दिलंय, प्रेषितांचं शिक्षण, सहवास, भाकर मोडणं आणि प्रार्थना, आणि लगेच पुढे लिहिलंय की मालमत्ता विकून ज्याला जशी गरज तसं वाटून द्यायचे. मी मुलांना सांगते की चर्चची कामं एवढीच, बाकी सगळं या चारांसाठी आहे. छप्पर हे त्यासाठी, ऑर्गन त्यासाठी, समितीसुद्धा त्यासाठीच. जिथे मालमत्ता वाटायची होती तिथे मालमत्तेवरून कोर्टात गेले म्हणजे काय उलटं झालं ते रिकामाबाक यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

पण एक मला सांगावंसं वाटतं. घरी एकट्याने मी देवावर प्रेम करू शकते, पण मला न आवडणाऱ्या माणसाला क्षमा करायचा सराव घरी एकटीने होत नाही. तो त्या बाकावरच होतो. तुमच्या बाबतीत समोरच्याने केला नाही, हे मात्र फार दुःखाचं आहे.

कंदील
सायलीताई, सुंदर. यात मी एक भर घालतो कारण तिथेच एकतेचा आणि चर्चच्या हेतूचा सांधा आहे. योहान सतराव्या अध्यायात येशू धरला जाण्याच्या रात्रीच प्रार्थना करतो की त्या सर्वांनी एक व्हावं, आणि का, तर जगाने विश्वास ठेवावा म्हणून. म्हणजे एकता सोयीसाठी नाही, खर्च वाचावा म्हणून नाही. चर्च साक्ष द्यायला आहे, आणि साक्षीदारच आपसात भांडत असतील तर ऐकणाऱ्याने विश्वास का ठेवावा?

हे सगळ्यात आधी कुणाला टोचलं तर मिशनच्या कामातल्या लोकांना. 1910 मध्ये एडिनबर्गला जागतिक मिशनरी परिषद झाली, आजच्या एकतेच्या चळवळीची सुरुवात तिथून धरतात. तिथे व्ही. एस. अझरिया हे भारतीय पाळक उभे राहिले आणि पाश्चात्य मिशनऱ्यांना तोंडावर म्हणाले की तुम्ही अन्न दिलंत, देह झिजवलेत, आता आम्हाला मित्र द्या. हेच अझरिया 1912 मध्ये पहिले भारतीय अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले) बिशप झाले, आणि 1919 मध्ये तामिळनाडूतल्या ट्रँकबारला जे पाळक जमून म्हणाले की तुमच्या युरोपातल्या फुटी आमच्या माथी का, त्यांतही ते होते. त्यातून 27 सप्टेंबर 1947 ला चर्च ऑफ साउथ इंडिया झालं, बिशप असलेले अँग्लिकन आणि बिशप नसलेले मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल एका चर्चमध्ये, जगात असं आधी झालेलं नव्हतं. अझरिया 1945 मध्येच गेले, त्यांना ते बघायला मिळालं नाही.

आणि अबोलीताई, तुमच्या घरासाठी याहून जवळचं उदाहरण चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं आहे, 1970 मध्ये नागपूरला झालं ते. त्यात मोठ्यांनाच बाप्तिस्मा देणारे बॅप्टिस्टही आले. मग बाळाचा बाप्तिस्मा की मोठ्याचा? त्यांनी दोन्ही ठेवले. एकाच चर्चमध्ये काही कुटुंबं बाळाचा करतात, काही मूल मोठं होऊन स्वतः मागेपर्यंत थांबतात.

जिवंतपाणी
पण कंदीलदादा, सगळ्यांचं एक मोठं ऑफिस झालं म्हणजे एकता झाली असं मला नाही वाटत. पेंटेकोस्टल मंडळ्या बहुतेक या परिषदांच्या बाहेर वाढल्या. आमची एकता कागदावर नसते, कुणी आजारी असलं की कुठल्या चर्चचा हे न विचारता आम्ही जातो. मार्काच्या नवव्या अध्यायात योहान तक्रार करतो ना, कुणी एक जण तुमच्या नावाने भुतं काढतो पण आपल्यातला नाही म्हणून आम्ही त्याला मना केलं, आणि येशू म्हणतो मना करू नका. मला तेवढं पुरतं.

घंटानाद
मला पुरत नाही दादा. कारण मना न करणं ही सुरुवात झाली, एका टेबलाला बसणं वेगळं. पण तुमच्या 'न विचारता जातो' यापुढे मी मान झुकवतो, आमच्याकडे अनेकदा आधी विचारतात.

2015 मध्ये लिबियाच्या किनाऱ्यावर 21 ख्रिस्ती कामगारांना मारलं, आठवत असेल. वीस इजिप्तच्या जुन्या कॉप्टिक चर्चचे आणि एक घानाचा. कॉप्टिक चर्च 451 च्या खाल्किदोन धर्मसभेपासून रोमपासून वेगळं आहे. तरी 2023 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्या एकवीस जणांची नावं कॅथलिक हुतात्म्यांच्या यादीत घेतली. मारणाऱ्यांनी त्यांना पंथ विचारला नव्हता. पंधराशे वर्षांच्या फुटीला त्या वाळूवर काही अर्थ राहिला नाही, हे मी त्या दिवसापासून मनातून काढू शकलेलो नाही.

निळीशाई
धागा वाचतोय. एक बाळबोध प्रश्न, जेरुसलेमला येशूच्या कबरीचं जे चर्च आहे ते मग कुणाच्या ताब्यात?

कंदील
सहा पंथांच्या, वाटून. ग्रीक ऑर्थोडॉक्स, कॅथलिक, आर्मेनियन, आणि कॉप्टिक, सिरियन, इथिओपियन. दाराची किल्ली शतकानुशतकं एका मुसलमान घराण्याकडे आहे. दर्शनी भिंतीवर खिडकीखाली एक लाकडी शिडी अठराव्या शतकापासून आहे, ती हलवायची तर सगळ्यांची संमती हवी म्हणून ती तशीच. पण हेही सांगतो, कबरीवरची वास्तू ढासळायला आली तेव्हा 2016 मध्ये ग्रीक, कॅथलिक आणि आर्मेनियन तिघांनी मिळून दुरुस्ती काढली आणि मार्च 2017 मध्ये पुरी केली.

घंटानाद
अबोलीताई, एक गोष्ट कालपासून डोक्यात आहे आणि ती इतिहासापेक्षा तुमच्या कामाची असेल. तुम्ही लिहिलंत आई 'सोडव'ला थांबते. ती तिथे थांबते कारण मिस्सात, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या उपासनेत, तिथे थांबतात, आणि मग धर्मगुरू एकटे एक छोटी प्रार्थना म्हणतात, की प्रभू सर्व वाइटापासून आम्हाला सोडव आणि आमच्या दिवसांत शांती दे. आणि त्यानंतर सगळे लोक म्हणतात, 'कारण राज्य, सामर्थ्य आणि गौरव सर्वकाळ तुझीच आहेत'. व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्साची जी नवी रीत आली तेव्हापासून हे आहे. ती ओळ तुमच्या आईला पाठ आहे ताई. ती दर रविवारी म्हणते. फक्त घरी तुम्ही ती तिच्या आधी म्हणून टाकता.

कंदील
हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत ती ओळ नाही, पण डिडाखे नावाच्या फार जुन्या ख्रिस्ती लिखाणात त्या प्रार्थनेला तशी शेवटची ओळ आहे. म्हणजे दोन्ही रीती जुन्याच.

अबोली
घंटानाद, मी हे वाचून ऑफिसमध्ये रडले. इतकी वर्षं मला वाटत होतं तिला ती ओळ मान्य नाही.

अबोली
चार दिवसांनी लिहितेय. काल संध्याकाळी भावाला बोलावलं. प्रार्थनेत 'सोडव'ला आम्ही दोघं थांबलो. आईने वर बघितलं, तिला कळेना काय झालं. मग मी म्हटलं, आई तुझ्याकडे मधे जे म्हणतात ते म्हण. ती म्हणाली ते फादर म्हणतात, मला सगळं येत नाही, आणि मग जेवढं आठवलं तेवढं म्हणाली, शांतीचं वाक्य तिला आलं. मग तिघांनी शेवटची ओळ एकत्र म्हटली. बाबांच्या खुर्चीकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

बाप्तिस्म्याचा विषय भावानेच काढला. जिवंतपाणी दादा तुमचं वाक्य त्याने त्याच्या शब्दांत सांगितलं. आई म्हणाली मी तुला अर्पण नव्हतं केलं, तुझा बाप्तिस्माच केला होता. तो म्हणाला हो, तुझ्या दृष्टीने तसं आहे हे मला कळतं. एवढंच, याच्या पुढे गेलं नाही. पण मेणबत्ती तिने परत कपाटात ठेवली नाही.

घंटानाद, ती मधली प्रार्थना मराठीत पूर्ण लिहून द्याल का? रविवारी परत बसणार आहोत.

घंटानाद
रात्री मिस्साचं पुस्तक बघून लिहितो ताई, शब्द चुकायला नकोत.

रिकामाबाक
मलाही हवी आहे.